चार बटणं, एक बीप

15 जानेवारी 2026, गुरुवार. कॅलेंडरात पाहिलंत तर किंक्रांत. संक्रांतीचा दुसरा दिवस, करी दिवस. या दिवशी नवं काम काढू नये, असं घरोघरच्या आज्या सांगत आल्या. राज्य निवडणूक आयोगाने मात्र महाराष्ट्रातल्या 29 महापालिकांचं मतदान नेमकं याच दिवशी काढलं. सोलापुरात तर त्याच आठवड्यात सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा. एकीकडे सात नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, दुसरीकडे रिक्षांवरचे भोंगे. गावाबाहेर ज्वारीच्या शेतांत हुरड्याच्या आगट्या पेटलेल्या. नंदीध्वजाला हात लावायचा, हुरडा खायचा, की बोटाला शाई लावून घ्यायची? सोलापूरकराने तिन्ही उरकलं. ‘काय करलालाव बे?’ असं कोणी विचारलंच, तर उत्तर तयार होतं.

वारही लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुका गुरुवारीच होतात, मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. सोलापूरला गुरुवार मिळाला तो योगायोगाने. पण सोलापूर आणि साहेबांच्या बरो कौन्सिलांची, म्हणजे इंग्लंडमधल्या स्थानिक पालिकांची, जोडी लावायला बसलं, की असे योगायोग एकामागून एक निघतात.

सहा दिवसांनी मोठी

सोलापूर महानगरपालिका अस्तित्वात आली 1 मे 1964 रोजी. लंडनमध्ये आज जे 32 बरो आहेत, त्यांच्या कौन्सिलांची पहिली निवडणूक झाली 7 मे 1964 रोजी, आणि त्यांचा कारभार सुरू झाला 1 एप्रिल 1965 पासून. म्हणजे कॅम्डेन, हॅकनी, ब्रेंट या मंडळींपेक्षा आपली महापालिका वयाने मोठी. वडीलकीच्या मानाने त्यांनी आपल्याला नमस्कार करायला हरकत नाही.

नगरपालिकेचा हिशेब धरला तर सोलापूर आणखी मागे जातं. 1850 च्या कायद्याखाली 1 ऑगस्ट 1852 रोजी इथे नगरपालिका सुरू झाली. खुद्द इंग्लंडमध्ये बरोंचा कारभार मार्गी लावणारा मोठा कायदा झाला 1835 मध्ये. त्यांच्यात आणि आपल्यात अंतर फक्त 17 वर्षांचं. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव आला 1882 मध्ये, तेव्हा सोलापूरची नगरपालिका तीस वर्षांची झाली होती. त्या काळी सभासद निवडून येत नसत, सरकार नेमत असे. त्यामुळे तिकीट कापलं म्हणून रुसवा नव्हता आणि बंडखोरीही नव्हती. रिक्षावाल्यांचं तेवढं नुकसान.

झेंडा

सोलापूरच्या नगरपालिकेची सगळ्यात मोठी बातमी मात्र निवडणुकीची नाही. 6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. तो चढवला अण्णासाहेब भोपटकर यांनी. इंग्रजांच्या राज्यात नगरपालिकेवर तिरंगा लावणारी ही देशातली पहिली नगरपालिका, असं सोलापूर अभिमानाने सांगतं. महिनाभरानंतर, 9 ते 11 मे या काळात, शहरात इंग्रजांचा अंमल उरलाच नव्हता. मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. या चार नावांत अख्खं सोलापूर येतं. पॅनेल बनवताना आजचे पक्ष समाजांची जी बेरीज मांडतात, ती या चौघांना कोणी मांडून दिली नव्हती.

1938 च्या जानेवारीत याच नगरपालिकेने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानपत्र दिलं, हेही जाता जाता नोंदवून ठेवू.

102 विरुद्ध 101

सोलापूर महापालिकेत नगरसेवक 102. इंग्लंडमधलं सर्वांत मोठं बरो बर्मिंगहॅम. तिथे कौन्सिलर 101. एकाने का होईना, आपण पुढे. लोकसंख्येत ते पुढे: त्यांची 11 लाखांच्या वर, आपली 2011 च्या जनगणनेत 9 लाख 51 हजार 558. म्हणजे साधारण सव्वानऊ हजार सोलापूरकरांमागे एक नगरसेवक. एवढे नगरसेवक असून आमच्या गल्लीत कोणी का दिसत नाही, हा प्रश्न दोन्ही शहरांत सारखाच विचारला जात असणार.

बर्मिंगहॅमचं नाव निघालंच आहे तर ऐका. सप्टेंबर 2023 मध्ये त्या कौन्सिलने खर्च झेपत नसल्याची रीतसर नोटीस काढली, आणि मार्च 2025 पासून सफाई कामगारांच्या बेमुदत संपामुळे रस्त्याकडेला काळ्या पिशव्यांचे ढीग साठले. घंटागाडी दोन दिवस चुकली म्हणून आरडाओरडा करणाऱ्या सोलापूरकराला ते फोटो जरूर दाखवावेत. आपली घंटागाडी सुधारणार नाही, पण मन जरा हलकं होईल.

पंचवार्षिक, नऊ वर्षांनी

याआधीचं मतदान झालं होतं 21 फेब्रुवारी 2017 रोजी. मुदत संपली मार्च 2022 मध्ये. मग ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, कोर्टाच्या तारखा. महापालिकेवर प्रशासक बसले ते बसलेच. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, सप्टेंबरमध्ये 31 जानेवारी 2026 ची शेवटची मुदत घालून दिली, तेव्हा कुठे हालचाल झाली.

याचा एक गमतीदार परिणाम. 1999 साली जन्मलेल्या सोलापूरकराने मधल्या काळात लोकसभेला दोनदा आणि विधानसभेला दोनदा मत दिलं, पण आपल्या वॉर्डाचा नगरसेवक निवडायची त्याची पहिली वेळ आली सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी. पंतप्रधान आधी, नगरसेवक नंतर! तेवढ्या काळात बर्मिंगहॅममध्ये 2018 आणि 2022 अशी दोनदा निवडणूक झाली. इंग्लंडमधल्या काही बरोंची तर वेगळीच तऱ्हा: तिथे एका वेळी एकतृतीयांश जागांची निवडणूक होते, म्हणजे चार वर्षांपैकी तीन वर्षं मतदानच. आपल्याकडे असं असतं, तर मंडपवाल्यांनी एव्हाना मंडप उतरवणंच सोडून दिलं असतं.

तीन, एक, दोन, चार

हा कुठल्या कुलुपाचा नंबर नाही. 2002 मध्ये एका प्रभागातून तीन नगरसेवक, 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन, 2017 मध्ये चार. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांत हा खेळ सरकारगणिक बदलत आला. मध्येच 2022 साठी तीनचा प्रभाग ठरला, सोलापूरच्या जागा 113 होणार असं आराखड्यात आलं, सरकार बदललं आणि गाडी पुन्हा चारवर, 102 वर आली. आजचा हिशेब असा: 26 प्रभाग, त्यातले 24 चार सदस्यांचे, दोन तीन सदस्यांचे.

चार सदस्यांच्या प्रभागात मत द्यायला गेलात की चार मतं द्यायची. अ, ब, क, ड अशा चार जागा. प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं, उमेदवार वेगळे, मतपत्रिकेचा रंगही वेगळा: पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट निळा. एक बटण दाबलं, लाल दिवा लागला, की लोकांना वाटतं झालं. झालेलं नसतं. चारही जागांचं बटण दाबल्याशिवाय यंत्र ती लांबलचक बीप देत नाही. पूर्व भागातल्या एखाद्या केंद्रावर हे दृश्य हमखास दिसतं: पदर सावरत मावशी खोक्यामागून बाहेर येतात, टेबलावरचे साहेब कंट्रोल युनिटकडे बघून मान हलवतात, आणि रांगेतलंच कोणी तेलुगूत ओरडतं, ‘अम्मा, इंकोकटि उंदि!’ अजून एक राहिलंय. मावशी परत आत. बीप. रांग हसते. कोणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरतं नोटाचं बटण आहे, पण बटण दाबणं आहेच.

या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतो. चिठ्ठी पडताना दिसण्याची सवय लोकसभेची, ती इथे विसरायची. शाईही बाटलीतली नव्हती. 2011 पासून राज्य निवडणूक आयोग मार्कर पेन वापरत आला होता, आणि या वेळी तो मार्कर पुसला जातो की नाही यावर मुंबईपासून गदारोळ झाला.

आता माझं मत. चार मतं देण्याची मजा मतदानाच्या दिवशीच. दुसऱ्या दिवसापासून सजा. ड्रेनेज तुंबलं तर जायचं कोणाकडे? ‘अ’ म्हणतो ‘ब’कडे जा, ‘ब’ म्हणते ते काम ‘क’च्या निधीतून आहे, आणि ‘ड’ मुंबईला गेलेले असतात. एक वॉर्ड, एक नगरसेवक ही 2007 ची पद्धत मला बरी वाटते. शिव्या तरी नीट पत्त्यावर पोचत होत्या. लंडनच्या बऱ्याच बरोंमध्येही एका वॉर्डातून तीन कौन्सिलर निवडतात, तेव्हा हा घोळ फक्त आपलाच नाही. पण तिकडच्या आजीबाई कागदाच्या मतपत्रिकेवर पेन्सिलने फुल्या मारतात आणि एकच मत देऊन घरी गेल्या तरी चालतं. त्यांना कोणी परत बोलवत नाही.

पाणी

उजनी धरणाची एकूण क्षमता 117 टीएमसी. तिथून सोलापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर. धरण भरलं तरी नळाला पाणी कधी तीन दिवसांआड, कधी चार-पाच दिवसांआड. सोलापूरच्या बायका आठवड्याचं नियोजन वारावर नव्हे, पाण्यावर करतात. समांतर जलवाहिनी हा शब्द इथल्या जाहीरनाम्यांत इतक्या वेळा छापला गेला, की तेवढ्या कागदाची एक पाइपलाइन टाकता आली असती. टाकी, हौद, पिंप, घागर, बादली, सगळं भरून ठेवण्याची सवय लागलेल्या या शहरात उमेदवारांनी ‘रोज पाणी’ म्हटलं की लोक हसतात. पण मत द्यायला येतात, हे विशेष.

अर्ज भरायचाय?

वय 21 पूर्ण हवं. अनामत 5 हजार रुपये, राखीव जागेसाठी निम्मी. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर घरी बसा. हा नियम खासदाराला नाही, आमदाराला नाही, नगरसेवकाला आहे. महापालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला हवा. त्यामुळे एरवी वसुली पथकाला दार न उघडणारे अर्जाच्या आठवड्यात स्वतःहून पावत्या फाडतात. खर्चाची मर्यादा सोलापूरसारख्या ड वर्गातल्या महापालिकेला 9 लाख. चहा, वडापाव, खुर्ची, हार यांचे दर निवडणूक विभाग ठरवून देतो आणि त्या दराने हिशेब दाखवावा लागतो. एका उमेदवाराच्या खर्चाच्या वहीत माणशी दोन चहा दाखवलेले असतील, तर तो एकतर फार काटकसरी किंवा फार हुशार.

मग तो एबी फॉर्म. ‘ए’ फॉर्मवर तिकीट वाटण्याचे अधिकार कोणाला ते असतं, ‘बी’ फॉर्मवर उमेदवाराचं नाव. दोन साधे कागद. पण अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पडले नाहीत, तर पंचवीस वर्षांची निष्ठाही अपक्षाच्या खात्यात जमा होते.

मालक, बापू, मास्तर

सोलापूरच्या राजकारणात आडनावाने काम भागत नाही. भाजपचे आमदार देशमुख म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कोणते? विजयकुमार देशमुख म्हणजे मालक, सुभाष देशमुख म्हणजे बापू. 2017 मध्ये दोघेही राज्यात मंत्री होते, एकाच पक्षाचे, एकाच शहराचे, आणि महापालिकेत गट दोन. कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम म्हणजे मास्तर. विडी कामगार बायकांच्या मोर्चाला ‘आडम मास्तर’ एवढं नाव पुरतं. सुशीलकुमार शिंदे कोर्टातल्या नोकरीपासून पोलिस फौजदार आणि तिथून देशाच्या गृहमंत्रिपदापर्यंत गेले, ते साहेब. त्यांच्या कन्या प्रणिती या ताई. परगावच्या पत्रकाराने इथे यायच्या आधी ही वंशावळ पाठ करावी, नाहीतर त्याला कोपऱ्यावरच्या चहावाल्याचंही बोलणं कळणार नाही.

प्रचारही एका भाषेत होत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. सकाळी पूर्व भागात एक, संध्याकाळी विजापूर वेशीत दुसरी. 2012 ते 2022 या दहा वर्षांतले महापौर पाहा: अलका राठोड, सुशीला आबुटे, शोभा बनशेट्टी, श्रीकांचना यन्नम. सलग चौघी बायका, आणि नुसती आडनावं वाचली तरी शहरातल्या भाषा कळतात. निम्म्या जागा स्त्रियांना राखीव, म्हणजे 102 पैकी 51. पण महापौरपदाची ही रांग त्या हिशेबाच्याही पुढे गेली.

आकडे, थोडक्यात

2017: भाजप 49, शिवसेना 21, काँग्रेस 14, एमआयएम 9, राष्ट्रवादी 4, बसप 4, माकप 1. बेरीज 102, अपक्ष शून्य. बहुमताला तीन कमी, तरी काँग्रेसच्या या जुन्या गडात भाजपचा महापौर पहिल्यांदा झाला. 2026 मध्ये तीनची चिंता उरली नाही. भाजप एकटा 80 च्या वर गेला. सभागृहात विरोधकांना आता आवाजापेक्षा माणसं जमवायची अडचण.

सभागृह म्हणजे इंद्रभुवनच्या आवारात. अप्पासाहेब वारद यांनी हौसेने बांधलेला, कोरीव पुतळ्यांनी आणि नक्षीने लगडलेला हा वाडा शंभरी ओलांडून गेला. मिळकतकराची तक्रार घेऊन आलेला माणूस दोन मिनिटं वर बघत उभा राहतो, असं महापालिकेचं ऑफिस महाराष्ट्रात फारसं नाही.

चिठ्ठी

एवढी यंत्रं, एवढे कायदे, आणि बरोबरी झाली की चिठ्ठी. 2017 मध्ये मुंबईत गिरगावच्या 220 क्रमांकाच्या वॉर्डात भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांना 5 हजार 946 अशी तंतोतंत सारखी मतं पडली. चिठ्ठीने शाह नगरसेवक झाले. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडमध्ये साउथ ब्लिथ वॉर्डात बरोबरी झाली, तर त्यांनी काड्या काढल्या. लांब काडी लिबरल डेमोक्रॅटांच्या हाती आली आणि काँझर्व्हेटिव्ह पक्षाचं बहुमत एका काडीने हुकलं.

आपल्याकडे चिठ्ठीचं राज्य निकालानंतरही चालू राहतं. महापौरपद कोणत्या प्रवर्गाला, याची सोडत मंत्रालयात. स्थायी समितीचे 16 सदस्य. पहिल्या वर्षाअखेर त्यातले आठ घरी पाठवायचे, तेही चिठ्ठीने. तिजोरीच्या चाव्या त्या समितीकडे असल्यामुळे, डब्यातून चिठ्ठी निघताना नगरसेवकांचे चेहरे मतमोजणीपेक्षाही बघण्यासारखे असतात.

तिकडे असाल तर

इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकीत मत द्यायला ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. राष्ट्रकुल देशाचा नागरिक, वैध व्हिसावर तिथे राहणारा आणि वयाने 18, एवढं पुरतं. म्हणजे सोलापुरातून इंजिनिअरिंग करून स्लाव किंवा हॅरोला नोकरीला गेलेला मुलगा, खिशात भारतीय पासपोर्ट घेऊन, तिथल्या बरो कौन्सिलला मत देऊ शकतो. शिकायला गेलेली मुलगीसुद्धा. जुळे सोलापुरातल्या आपल्या प्रभागात मत द्यायचं तर मात्र त्यांना विमानाने इथे यावं लागतं, आणि यादीत नाव असलं तर.

तुमच्या घरातलं कोणी तिकडे असेल, तर आज रात्री व्हिडिओ कॉलवर जेवलास का, थंडी किती, हे विचारून झाल्यावर मतदार यादीत नाव घातलंस का हेही विचारा. नोंदणी ऑनलाइन होते, पैसे पडत नाहीत. मतदानाच्या 12 कामकाजाचे दिवस आधी ती बंद होते, आणि 2023 पासून केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्रही न्यावं लागतं.